काळ्या वेलीचा तजरबा

नागपंचमीला बारी लोकांच्या, म्हणजे विड्याच्या पानांचे मळे करणाऱ्यांच्या घरात पान खुडत नाहीत. मळ्यात लाह्या-दूध ठेवायचं, वेलीला हात जोडायचे आणि मागं न बघता बाहेर यायचं. वर्षातली तेवढी एक सुटी वेलीला. फकिरानं ती रीतसर दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुडाचं दार सारून आत गेला, तर कपुरीच्या तिसऱ्या ओळीतल्या वेली माना टाकून लोंबत होत्या. खालच्या पानांवर गोल काळे डाग पडले होते, कडेला ओलसर. त्यानं एक वेल धरून जरा ओढली. ती मुळाशी तुटून हातात आली आणि हाताला घाण वास लागला.

मर होती, वेल मुळाशी सडवणारा रोग. त्याच्या बापाच्या वेळी एकदा आली होती, तेव्हा तो लहान होता, पण वास विसरण्यासारखा नव्हता.

तेव्हापासून महिनाभर एकच काम. मेलेली वेल उपटायची, टोपल्यात भरायची, टोपलं खांद्यावर घेऊन नाल्यापलीकडे न्यायचं आणि जाळायचं. जाळायचं म्हणजे नुसतं म्हणायचं. भादव्याची झड लागलेली, वेल ओली, काडी ओली, आणि लढाईच्या पायी घासलेट तर औषधालाही मिळत नव्हतं. ढीग धुमसत राहायचा आणि धूर जमिनीलगत पसरायचा. परतताना फकिरा नाल्यात बुडी मारायचा, ओलं धोतर पिळून तेच नेसायचा आणि मगच मळ्यात पाय टाकायचा. दिवसातून तीन-तीन आंघोळी. उजवा खांदा सोलवटून निघाला होता आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या.

या आंघोळी त्याच्या आईच्या, जयवंताबाईच्या हुकमानं. पानाच्या मळ्यात शिरायचं तर अनवाणी आणि न्हाऊन, हा नेम बारी लोकांत सगळीकडेच आहे. जयवंताबाईकडे तो जरा जास्तच कडक होता. साठीची बाई, कंबरेत वाकलेली, पण मळ्याच्या दाराशी उभी राहिली की पाटलाचंही पाऊल थबकायचं. घरात माणसं तीनच. जयवंताबाई, फकिरा आणि फकिराची बायको राहीबाई.

बाजारहत्नूरपासून दोन कोसांवर, नाल्याच्या काठी त्यांचा अर्ध्या एकराचा मळा होता. त्यात तीन जातीच्या वेली. कपुरी सगळ्यांत जास्त, बंगला जातीच्या दोन ओळी, आणि पाटाच्या शेवटी एका वाफ्यात काळी. काळीचं पान लहान, गर्द, तिखट. जयवंताबाईच्या सासूनं ते बेणं पैनगंगेपलीकडून आणलं होतं, ओल्या फडक्यात गुंडाळून, पोटाशी धरून. आदिलाबादच्या बाजारात काळीचं पान खाणारे दुसरं पान तोंडात घालत नसत. जयवंताबाई त्या वेलीला 'सासूबाई' म्हणायची आणि सकाळी पहिलं पाणी तिला द्यायची. सुनेनं थट्टा केली की खऱ्या सासूला इतकं मानलं नव्हतं म्हणे, तर ती म्हणायची, "खरी सासू बोलायची. हे बोलत नाई."

सासू-सुनेत भांडण होतं ते एकाच गोष्टीचं, आणि ते सोळा वर्षं चाललं होतं. पानं करंडीत गोल मांडताना राहीबाई देठ आत आणि शेंडे बाहेर ठेवायची. तिच्या माहेरी, पुसदकडे, तसंच मांडत. जयवंताबाईचे देठ बाहेर. घेणाऱ्याच्या हाताला आधी देठ लागला पाहिजे, पानाला बोटं लागली की पान मळतं, असं तिचं म्हणणं. राहीबाईनं मांडलेली करंडी ती काही न बोलता उलटी करायची आणि पुन्हा मांडायची. सोळा वर्षांत दोघींपैकी एकीचाही हात बदलला नाही.

मळा निम्मा रिकामा झाला तेव्हा फकिरा जेवताना म्हणाला, "दिवाळीनंतर नवी लावन करा लागते. बेनं घ्यायचं तं कोन्या वेलीचं घ्यायचं? कपुरी तं गेलीच. पुन्हा मर आली अन् ते बी गेली, तं मंग आपुन पानवाले नाई राह्यलो."

"काळीचं लावू," जयवंताबाई म्हणाली. "काळीवर डाग हाय काय एक तरी?"

डाग नव्हता हे खरं होतं. पण काळी पाटाच्या शेवटी होती आणि मर वरून खाली येत होती. ती तिथवर पोचली नव्हती की काळीनं तिला दाराबाहेर ठेवलं होतं, हे कोणाला सांगता येत नव्हतं. बंगल्याचंही तसंच. तिघं भाकरी चावत राहिली.

जरायत खात्याचे, म्हणजे शेतकी खात्याचे, केशवराव दौऱ्यावर आले ते असल्या दिवसांत. आले होते कापूस बघायला, पाटलानं पानमळ्याचं सांगितलं म्हणून बंडी इकडे वळवली. चाळिशीचा, वाळलेला माणूस. अंगात ताप होता, तोंडावर हिवतापाच्या कोयनेलचा पिवळेपणा आणि पायात गुडघ्याइतके बूट. सामानात एक पत्र्याची पेटी होती. रस्त्यात बंडी ओढ्यात आदळली आणि पेटीतल्या काचेच्या बश्या फुटल्या, म्हणून ते आधीच वैतागलेले होते. कुडाच्या दाराशी जयवंताबाईनं त्यांना अडवलं.

"बूट काढा साहेब."

"आत चिखल आहे ना, बाई."

"आमचे पाय बी चिखलातच हायेत."

केशवरावांनी फकिराकडे पाहिलं. फकिरानं जमिनीकडे पाहिलं. साहेबांनी दगडावर बसून बूट ओढून काढले. पाय पांढरेफटक, टाचांना फोड.

"आंघोळ झाली काय?"

"दोन दिवस ताप आहे मला."

"मंग भाईरच बसा. फकिरा पानं आनून दाखवन."

बंडीवाला तोंड फिरवून हसला. सरकारी माणसाला एका म्हातारीनं फोड आलेल्या पायांनी दगडावर बसवून ठेवलं होतं. पण केशवराव चिडले नाहीत. चिडायलाही अंगात जोर लागतो. त्यांनी विहिरीवर जाऊन दोन घागरी अंगावर ओतून घेतल्या आणि कुडकुडत मळ्यात शिरले. जयवंताबाईनं दार धरून ठेवलं. तेवढ्यापुरता तिनं त्यांना मान दिला.

तासाभरानं ते छपरीत येऊन बसले. राहीबाईनं चुलीजवळचं घोंगडं त्यांच्या अंगावर टाकलं.

"कुठली वेल मरेल आणि कुठली टिकेल, ते वाफ्यात बघत बसलं तर दोन वर्षं जातील," ते म्हणाले. "पानावर बघितलं तर पाच दिवसांत कळतं. तिन्ही वेलींची बारा-बारा पानं खुडून आणा. निरोगी, सारख्या वयाची. त्यांना आपण रोग द्यायचा."

"द्यायचा?" जयवंताबाईनं विचारलं.

"द्यायचा. जे पान सोसेल त्या वेलीचं बेणं लावा. याला तजरबा म्हणतात."

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. डागाळलेल्या पानाची ओलसर कड कापायची, कारण जिवंत रोग कडेला असतो, मधे सगळं मेलेलं. ती खलात वाटायची, विहिरीच्या पाण्यात कालवायची, मलमलीतून गाळायची. पानाची पाठ वर करून सुईनं टोचायचं आणि टोचल्या जागी त्या पाण्याचा थेंब सोडायचा. मग परळात, म्हणजे मातीच्या पसरट ताटलीत, ओलं फडकं अंथरून पानं ठेवायची आणि वर दुसरा परळ झाकायचा. बारातल्या आठ पानांना रोगाचं पाणी, देठाला तांबडा दोरा. चारांना साधं पाणी, पांढरा दोरा.

"साधं पानी काऊन?" राहीबाईनं विचारलं.

"पान नुसत्या सुईनं सडलं की रोगानं, हे कळलं पाहिजे ना."

राहीबाईला ते पटलं. इतक्या दिवसांत कोणीतरी पहिल्यांदाच सरळ काहीतरी बोललं होतं.

केशवरावांनी बुचात खोवलेल्या पाच सुया काढल्या, पण तापानं त्यांचे हात थरथरत होते. पहिलंच पान फाटलं. फकिराचे हात फावड्याचे, त्याच्या अंगठ्याखाली पान चुरगळलं. मग राहीबाई पुढं सरकली. अंगठ्याला पत्र्याची नखी लावून रोज हजारो पानं खुडणारा हात. तिनं पान तळव्यावर पालथं घेतलं आणि सुया अशा टेकवल्या की पान हललंही नाही. भोकांवर गवताच्या काडीनं थेंब सोडला. थेंब किंचित हिरवट होता आणि त्याला तोच वास होता.

जयवंताबाई दारात उभी राहून बघत होती. काळीची पानं तिनं स्वतः आणून दिली होती, पण आत आली नाही.

"राहे," ती म्हणाली, "हे झाल्यावर तुले मळ्यात येता येनार नाई."

"आंघोळ करीन ना आत्याबाई. तुमचे लेक नाई का रोज करत? ते बी मरीले हात लावतेत."

"मेलेलं उचलनं येगळं. त्याले पानी चालते. आपल्या हातानं मारनं येगळं. लावनीच्या दिवशी नारळ फोडीन, मंग ये. तोवर नाई."

फकिरानं आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. मळ्यातलं निम्मं काम राहीबाईचं होतं. वेली बांधणं, पानं खुडणं, चर मोकळे करणं. ते सगळं आता त्याच्या अंगावर येणार होतं. पण त्यानं नुसती मान हलवली. या घरात त्याचं बोलणं बहुतेक असंच असायचं.

वाया गेलेल्या पानांच्या जागी दुसरी घेऊन छत्तिसावं पान झालं. राहीबाईनं तिन्ही परळ मांडले, सवयीनं देठ आत, शेंडे बाहेर. झाकणं ठेवली. केशवराव तिथंच छपरीत घोंगड्याखाली आडवे झाले.

"राख घे अन् नाल्यावर जा," जयवंताबाई म्हणाली. "हात घास, लुगडं बदल. तसंच चुलीले शिवू नको."

राहीबाई नाल्यावर गेली. राखेनं नखांपर्यंत हात घासले. पाणी गढूळ होतं आणि वरून बारीक पाऊस. ती परत आली तेव्हा सासू ओट्यावर बसून वाती वळत होती आणि साहेब घोरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एकेक झाकण किंचित उचलून पाहिलं. अजून काही दिसत नव्हतं. काळीच्या परळात मात्र देठ बाहेर होते. साहेबांनी पाहिली असतील, असं तिला वाटलं आणि तिनं झाकण ठेवून दिलं.

पुढचे चार दिवस वाईट गेले. झड थांबली नाही. मळ्यात पाणी साचायला लागलं आणि फकिरा एकटा चर खणत राहिला. राहीबाई कुडाबाहेरून त्याला भाकरी द्यायची. आत काय चाललंय ते तिला कुडाच्या फटीतून दिसायचं. बंगल्याची एक वेल सुटून वाऱ्यानं हलत होती, लव्हाळ्याची एक गाठ मारली असती तर झालं असतं. ती गाठ तिच्या हातात होती आणि हात बाहेर होता. सासू वाकून वाकून वेली बांधत होती, पण वरच्या टोकापर्यंत तिचा हात पोचत नव्हता.

"अवो, ते बंगल्याची वेल," राहीबाईनं कुडाबाहेरून सांगितलं.

"दिसते मले," फकिरा म्हणाला. "हात दोनच हायेत."

शेजारची गयाबाई पाणी नेताना थांबली. "काऊन वं राहे, भाईर बसवलं काय तुले? अवेळीच?" राहीबाईनं उत्तर दिलं नाही. गयाबाईनं ते उत्तर गावभर नेलं. राहीबाईला त्याचा राग आला, आणि रागापेक्षा कंटाळा जास्त आला.

पाचव्या दिवशी सकाळी केशवरावांचा ताप उतरला. त्यांनी तिन्ही परळ उजेडात आणले. कपुरीच्या आठही पानांवर डाग तळहाताएवढे झाले होते, पान उचललं की गळून पडत होतं. बंगल्याच्या पानांवर डाग होते, पण बोराएवढे, आणि कडा कोरड्या पडून तिथंच थांबलेले. पांढऱ्या दोऱ्याची पानं दोन्हीकडे स्वच्छ. मग त्यांनी काळीचा परळ उघडला. बाराही पानं हिरवीगार होती. टोचल्याच्या जागी नुसते तपकिरी ठिपके.

"अरे वा," केशवराव म्हणाले. त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा रंग आला. "अशी वेल मी अजून पाहिली नाही. फकिरा, सगळा मळा काळीचा लाव. आणि मला बेणं पाहिजे. तलमडुगुच्या बाजूला सहा मळे साफ बसलेत, त्यांना देऊ." त्यांनी पेटीतून वही काढली आणि शाईनं लिहायला घेतलं. काळी, निरोगी.

फकिरा खाली बसला. महिनाभर खांद्यावर वाहिलेलं सगळं आत्ता कुठं उतरल्यासारखं त्याला वाटलं. "माय म्हनतच होती," तो म्हणाला.

जयवंताबाई ओट्यावर होती. ती काहीच बोलली नाही. हे राहीबाईला विचित्र वाटलं. एरवी खरं ठरलं की सासू दोन दिवस गप्प बसायची नाही.

राहीबाई परळापाशी वाकली. देठ बाहेर.

"साहेब, तुमी ह्या परळातली पानं उचलून पाह्यली होती काय? पयल्या दिवशी?"

"मी? मी झोपलो होतो. पाच दिवसांत मी झाकणाला हात लावला नाही."

राहीबाई तिथंच वाकलेली राहिली. सोळा वर्षं ती ही मांडणी बघत आली होती. एकावर एक सरकवलेली पानं, देठ कडेला, एका बोटाचं अंतर. गावात असा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता.

ती उठून परसात गेली. सासू मागोमाग आली. बोलावलं नव्हतं तरी आली.

"धुतली ना तुमी?"

जयवंताबाईनं पदर डोक्यावर नीट केला. "तू नाल्यावर गेली अन् लगेच. हळदीच्या पान्यात. दोन डाव."

"काऊन?"

"गाईले कोनी इख चारून पाह्यते काय, मरते का जगते म्हनून? कपुरी बजारातून आनली, बंगला बी आनला. हे घरची हाय. म्या सासूले सबूद देल्ता का हिले जपीन."

"अन् आता सारा मळा काळीचा लावून राह्यले. मर आली अन् काळीनं नाई सोसलं तं? मंग जपलं का मारलं?"

"सोसन ते."

"तुमाले ठाव हाय?"

पावसाचं पाणी वळचणीवरून जयवंताबाईच्या खांद्यावर गळत होतं आणि ती बाजूला झाली नाही. राहीबाईला तिची दया आली आणि रागही आला. पाच दिवस हीच बाई आपल्याला दाराबाहेर ठेवून आत वाकून वाकून काम करत होती. आपल्या हातानं रोग दिला म्हणून. आणि तो रोग हिनंच धुऊन टाकला होता.

"साहेब उद्या जाईन," राहीबाई म्हणाली. "ते सहा मळ्याइले बी हेच बेनं देतीन. तिथं बी सासू-सुना असतीन आपल्यासारख्या. म्या काई सांगत नाई, आत्याबाई. तुमचं तुमी पाहा."

खरं तर ती सांगायच्या तयारीतच होती. पण साहेबासमोर, फकिरासमोर सासूची मान खाली घालायला लावायची, हे तिला जमण्यासारखं नव्हतं. ती चुलीपाशी जाऊन पीठ मळायला बसली आणि उगाच जास्त वेळ मळत राहिली.

पिठाचा गोळा झाला तेव्हा छपरीतून सासूचा आवाज आला.

"साहेब, ते वहीत लिवलं ते खोडा."

"का बरं?"

"काळीची पानं म्या धुतली. रोगाचं पानी राह्यलंच नाई त्यायच्यावर."

केशवरावांनी वहीकडे बघितलं, दमट हवेत शाई अजून वाळली नव्हती. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं आणि तसेच बसले. फकिरा उभा राहिला आणि पुन्हा बसला.

"माय," तो म्हणाला. "महिनाभर म्या खांद्यावर मढी वाहून राह्यलो." एवढंच बोलला, पण त्याचा आवाज इतका दमलेला होता की आईनं त्याच्याकडे बघणं टाळलं.

"मला परवा पुढच्या मुक्कामी हजर व्हायचंय," केशवराव म्हणाले. "आणखी पाच दिवस कुठून आणू?"

मग त्यांनी टाक उचलला, लिहिलेल्यावर रेघ मारली आणि म्हणाले, "ताप अजून आहे असं कळवतो. आणा पानं."

जयवंताबाई मळ्यात गेली. त्या दिवशी तिनं तीन वेळा आंघोळ केली, असं फकिरानं नंतर सांगितलं, कशासाठी ते त्यालाही कळलं नाही. बारा पानं घेऊन ती आली आणि या खेपेला दारात थांबली नाही. आत येऊन राहीबाईशेजारी बसली.

"त्या सुया मले दे."

"आत्याबाई, म्या करतो ना. माह्ये हात तं बाटलेच हायेत."

"दे."

राहीबाईनं बूच तिच्या हातात दिलं. म्हातारीनं पहिलं पान पालथं घेतलं. राहीबाईला वाटलं होतं ती डोळे मिटेल, पण तिनं डोळे उघडेच ठेवले आणि सुया टेकवल्या. थेंब सोडला. पान खाली ठेवलं. दुसरं घेतलं. आठ पानं झाल्यावर तिनं चार साध्या पाण्याची केली आणि सगळी परळात मांडली, देठ बाहेर. झाकण ठेवलं आणि त्याच्यावर पाटा ठेवला, म्हणजे कोणाला उचलता येऊ नये. कोणाला म्हणजे स्वतःलाच.

पाचव्या दिवशी पाटा तिनंच सरकवला. काळीची आठ पानं काळी झाली होती. डाग असा नव्हताच, सगळं पानच गेलं होतं. कपुरीपेक्षा वाईट. पांढऱ्या दोऱ्याची चार पानं तेवढी हिरवी होती, आणि त्या चार पानांमुळे बोलायला जागाच उरली नाही.

केशवरावांनी वहीत लिहिलं, पण या वेळी वाचून दाखवलं नाही. "बंगला लावा," ते फकिराला म्हणाले. "डाग पडेल, पण थांबेल. आणि काळी काढून टाका. रोग आज ना उद्या तिथवर येणारच, आणि एकदा ती सडली की तिच्यातून जमिनीत भरपूर उतरेल. तो वाफा दोन वर्षं रिकामा ठेवा." बंडीत बसण्याआधी ते जयवंताबाईपाशी गेले. हातात बूट होते, मळ्यापासून अनवाणीच आले होते. "तुम्ही सांगितलं नसतं तर सहा मळे माझ्या हातून गेले असते, बाई."

"तुमी ताप सांभाळा," जयवंताबाई म्हणाली.

भादवा सरला तसा काळीपाशीही वास यायला लागला. एका सकाळी फकिराला दोन पानांवर ओलसर कड दिसली. त्यानं आईला सांगितलं नाही, राहीबाईला सांगितलं. त्याच दिवशी त्यानं वाफा उपटला. ऊन पडलं होतं, ढीग नीट जळला. जयवंताबाई त्या दिवशी घरातच बसून जोंधळे निवडत होती. वाऱ्यानं धूर घरात आला तेव्हा ती खोकली आणि निवडत राहिली.

दिवाळी झाली. बंगल्याचं बेणं तयार झालं, नवे वाफे झाले, पाटातलं तण निघालं. लावणीच्या दिवशी जयवंताबाईनं पहाटे पाणी तापवून राहीबाईला न्हाऊ घातलं, स्वतःच्या हातानं पाठ चोळली. सोळा वर्षांत कधी चोळली नव्हती. मग मळ्याच्या दाराशी नारळ फोडला, पाणी सुनेच्या हातांवर ओतलं, दोन्ही हातांवर, मनगटापर्यंत.

"जा आता."

राहीबाईनं कुडाचं दार सारलं आणि मागं वळून पाहिलं. सासू तिथंच बाहेर दगडावर टेकत होती. साहेबांनी बूट काढले होते तोच दगड.

"तुमी बी चला ना. नारळ तं फोडला."

"तो तुह्यासाठी होता."

"आत्याबाई, मळा तुमचा हाय. तुमी नसान तं आमी काय करावं आत?"

"तू दुसऱ्याच्या सांगन्यावरून टोचलं. म्या ज्याले जपतो म्हनलं त्यालेच टोचलं. त्याले नारळ नसते, राहे." ती अगदी साध्या आवाजात बोलली, उन्हाबद्दल बोलावं तशी. "म्या इथं बसतो. बेनं मोजून देईन."

फकिरा आतून आला. "माय, हे नेम तूच केले. तूच मोड."

"मोडाले केले नव्हते," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. काम पडलं होतं. फकिरा खड्डे करत गेला, राहीबाई बेणं लावत, माती दाबत मागून सरकत गेली. गुडघे चिखलात, कंबर भरून आलेली. दोन महिने ज्या मळ्यासाठी जीव तळमळला होता त्यात आज ती होती, आणि आनंद म्हणावा तसा काही होत नव्हता. नुसतं बरं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं.

दुपारी फकिरानं मोट धरली. विहिरीवर चाक करकरलं आणि पाट भरून वाहायला लागला. राहीबाई कुदळ घेऊन वाफ्यांची तोंडं, म्हणजे बारे, फोडत चालली. एकेक वाफा भरला की माती लोटायची, पुढचा फोडायचा. कुडाबाहेर जयवंताबाई दगडावर बसून ऐकत होती. आवाजावरून तिला कळत होतं पाणी कुठवर आलं ते.

"राहे," तिनं बाहेरून हाक दिली. "शेवटच्या वाफ्याले दे वं. सकाळचं पयलं पानी चुकलं आज तिचं."

राहीबाई कुदळीवर हात ठेवून उभी राहिली. समोर शेवटचा वाफा होता, काळीचा, उकरलेला, रिकामा, मधे आधाराच्या शेवऱ्या तेवढ्या उभ्या. विहिरीवर फकिरानं बैल थांबवले होते आणि तो तिच्याकडे बघत होता. त्या वाफ्यापुढं दुसरा वाफा नव्हता, तिथलं पाणी कुठं जाणारही नव्हतं.

"देतो आत्याबाई," ती म्हणाली, आणि वाकून तिनं बारं फोडलं. पाणी आवाज करत रिकाम्या वाफ्यात शिरलं. वाफा काठोकाठ भरेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.